दफनभूमीची चिठ्ठी

लेलंड कुबिचेकला फक्त एक चिठ्ठी उचलायची होती. हात घालायचा, दोनांतली एक चिठ्ठी बाहेर काढायची, तिच्यावरचं नाव मोठ्याने वाचायचं आणि सही ठोकून जेवायला घरी जायचं. लहान पोरालाही जमेल असं काम. पण लहान पोराला बायको नसते, बायकोची मावशी नसते आणि दर चार वर्षांनी लोकांच्या दारात मतं मागायला जावं लागत नाही.

लेलंड हा हॅडली काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचा, क्लार्क. क्लार्क म्हणजे कारकून नव्हे. निदान लेलंडला तसं म्हटलेलं खपत नसे. तो निवडून आलेला माणूस होता. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या त्या मक्याच्या मुलखात कोणाचं लग्न ठरलं की परवाना लेलंडच्या सहीचा, कोणी शेत विकलं की नोंद लेलंडच्या दप्तरात. काउंटीच्या बैठकीत कोण कोणाला काय म्हणालं ते इतिवृत्तात लिहिणारा लेलंड, आणि त्यातलं काय लिहू नये हे ठरवणाराही लेलंडच. शिवाय निवडणुका घेणं हेही त्याचंच काम. कोर्टहाउसच्या तळमजल्यावर त्याची कचेरी होती आणि तिथे तो आणि मॅव्हिस अशी दोनच माणसं सगळा गाडा ओढत. मॅव्हिस त्या कचेरीत लेलंडच्या आधीपासून होती आणि तो हरला तरी त्याच्यानंतरही राहणार होती. त्यामुळे तिला कशाचंच काही वाटत नसे.

त्या नोव्हेंबरात देशाचा, राज्याचा, अगदी काउंटीच्या शेरीफचासुद्धा निकाल बिनबोभाट लागला. घोडं अडलं ते दफनभूमी मंडळाच्या एका जागेवर. मंडळ तिघांचं. त्यातले दोघे आधीपासून बसलेले आणि प्रत्येक बाबतीत एकमेकांच्या विरुद्ध. म्हणजे तिसरा येईल तो खरा राजा. आणि या तिसऱ्या जागेसाठी उभ्या असलेल्या ऑर्व्हिल टिम आणि बर्निस स्टॉल्झ या दोघांना सारखीच मतं पडली होती.

आता दफनभूमीत असं राजकारण काय असणार, असं तुम्हाला वाटेल. हॅडलीत येऊन हा प्रश्न विचारा, लोक तुमच्याकडे कीव केल्यासारखं बघतील. प्रश्न प्लास्टिकच्या फुलांचा होता.

ऑर्व्हिल टिम हा धान्याच्या कोठारावरून निवृत्त झालेला, लांबलचक, वाळक्या लाकडासारखा माणूस. लेलंडचा शेजारी. हिवाळ्यात लेलंडच्या दारातला बर्फ तोच आपल्या यंत्राने उडवून द्यायचा. उन्हाळ्यात तो स्वखुशीने दफनभूमीतलं गवत कापायचा आणि दरवर्षी त्याच्या यंत्राच्या पात्यात प्लास्टिकची फुलं अडकायची. मागल्या जूनमध्ये नाताळातल्या एका प्लास्टिकच्या फुलाची तार सुटून त्याच्या नडगीत घुसली. त्या दिवसापासून कबरीवर प्लास्टिक नको, हे त्याच्या आयुष्याचं ध्येय झालं.

बर्निस स्टॉल्झ ही लेलंडच्या बायकोची सख्खी मावशी. सगळी काउंटी तिला स्टॉल्झबाई म्हणे, कारण निम्म्या काउंटीला तिने गणित शिकवलं होतं, लेलंडला धरून. तिची बहीण, म्हणजे लेलंडची सासू, त्या दफनभूमीत होती. ईस्टरला लिली, जुलैत झेंडे, ऑक्टोबरात भोपळे आणि नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाची, पिसारा फुलवलेली प्लास्टिकची टर्की असं बहिणीच्या कबरीचं सगळं बाई जातीने करत. "जिवंतपणी तिला रंगाची हौस होती. मेल्यावर काय तिने खाकी कपडे घालायचे?" असं त्या विचारत.

फेरमोजणी झाली. आकडा तोच. लेलंडने कायद्याचं पुस्तक उघडलं. मतं सारखी पडल्यास निकाल 'लॉट' म्हणजे चिठ्ठी काढून लावावा, आणि ती 'क्लार्कला योग्य वाटेल त्या पद्धतीने' काढावी, असं त्यात लिहिलं होतं. हे वाक्य ज्याने लिहिलं त्याला मावशी नसावी.

संध्याकाळी घरी आल्यावर त्याने बायकोला, जोनेलला, ही बातमी शक्य तितक्या हलक्या आवाजात सांगितली. जोनेल बटाटे सोलत होती.

"म्हणजे तू उचलणार?"

"कायद्याने मलाच उचलावी लागते गं."

"बरं. एवढंच सांगते, ऑर्व्हिलचं नाव ज्या हाताने काढशील तो हात घेऊन घरात यायचं नाही."

"अगं, पण चिठ्ठी आहे ती! माझ्या हातात काय आहे?"

"तेच सांगतेय मी. तुझ्याच हातात आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी लेलंड नेहमीप्रमाणे कॅफेत गेला. तिथे नेहमीचेच चारपाच जण चिलीच्या, म्हणजे खिमा-राजम्याच्या तिखट रश्श्याच्या, वाडग्यात दालचिनीचा गोड रोल बुडवून खात बसले होते. त्यांनी त्याला बसूही दिलं नाही.

"नाणं उडव रे सरळ," एक म्हणाला.

"नाणं कोणाचं? ऑर्व्हिलकडे नाण्यांचा संग्रह आहे. दोन्ही बाजूंना मुंडकं असलेलंसुद्धा असेल त्याच्याकडे."

"मग पत्ते काढा. मोठं पान ज्याचं, तो जिंकला."

"सरकारी कामात जुगार?" बाप्टिस्ट चर्चचे पाद्री कोपऱ्यातल्या टेबलावरून म्हणाले. कॉफीचा पेला त्यांनी अशा तऱ्हेने खाली ठेवला की फाशांचं नाव कोणी काढलंच नाही.

"टोपीतून काढा, टोपीतून. माझी घ्या," बियाणं विकणारा एकजण डोक्यावरची टोपी उतरवत म्हणाला. टोपीवर त्याच्या कंपनीचं नाव ठसठशीत होतं. समोर बसलेला दुसऱ्या कंपनीचा विक्रेता लगेच म्हणाला, "ही टोपी वापरलीत तर मी काउंटीला वकिलाची नोटीस देईन."

लेलंडने काउंटीच्या वकिलाला फोन केला. वकील म्हणाला, "मला यात सल्ला देता येणार नाही."

"अहो, पण तुमचं कामच सल्ला देणं आहे!"

"म्हणूनच जपून राहावं लागतं."

राज्याच्या निवडणूक कचेरीत फोन केला. बराच वेळ संगीत ऐकल्यावर एका गोड आवाजाच्या बाईने त्याला तेच वाक्य वाचून दाखवलं: क्लार्कला योग्य वाटेल त्या पद्धतीने. "पण मला काहीच योग्य वाटत नाहीये," लेलंड म्हणाला. "तेही तुम्हीच ठरवायचं," बाई आणखी गोड होऊन म्हणाल्या.

मग कॅथलिक चर्चच्या सभागृहातला बिंगोचा, म्हणजे आपल्या हाउजीचा, गोल पिंजरा त्याच्या मनात आला. हँडल फिरवायचं, दोन चेंडू, एक बाहेर. स्वच्छ आणि यांत्रिक. माणसाच्या हाताचा संबंधच नाही. जोनेलच्या धमकीतून सुटण्याचा हाच एक मार्ग होता. तो मोठ्या उत्साहाने ऑर्व्हिलच्या कुंपणापाशी गेला.

"चालणार नाही," ऑर्व्हिल म्हणाला. "बर्निस दर शुक्रवारी तिथे बिंगो खेळते आणि दर शुक्रवारी जिंकते. तो पिंजरा ओळखतो तिला."

"ऑर्व्हिल, लोखंडाचा पिंजरा आहे तो."

"गेल्या महिन्यात ती त्यात हॅम जिंकली. सबंध हॅम."

तिकडे स्टॉल्झबाईंनीही पिंजऱ्याला नकार दिला, पण त्यांचं कारण वेगळं होतं. "मी त्या पिंजऱ्यातून जिंकले तर लोक म्हणतील नशिबाने जिंकली. मला माझ्या लायकीवर जिंकायचंय."

"मावशी, चिठ्ठीत लायकी कुठून येणार?"

"हा प्रश्न तुला आठवीत पडायला हवा होता, लेलंड. तेव्हा तू खिडकीबाहेर बघत होतास."

शेवटी मॅव्हिसने आपला बिस्किटांचा पत्र्याचा डबा रिकामा करून टेबलावर ठेवला. त्यावर कुठल्या कंपनीचं, कुठल्या पंथाचं नाव उरलं नव्हतं. सगळं घासून गेलं होतं. दोन्ही उमेदवारांनी डब्यात वाकून बघितलं, ऑर्व्हिलने आतला चुरा झटकायला लावला, आणि डबा मंजूर झाला.

इथे प्रकरण संपायचं. पण त्याच दिवशी कॅफेत कोणीतरी सहज विचारलं, "लेलंड, खरं सांग, तू कोणाला मत दिलं होतंस?" आणि लेलंड सहज, अगदी बेसावधपणे, चिली खाता खाता म्हणाला, "मी? कोणालाच नाही. ती जागा मी कोरी सोडली."

टेबलावरचे सगळे त्याच्याकडे वळले. मग एकजण हळूच म्हणाला, "म्हणजे तुझं एक मत पडलं असतं तर..."

लेलंडचा चमचा हवेतच राहिला. एका बाजूला शेजार, दुसऱ्या बाजूला मावशी; आपण कोणाच्याच विरुद्ध नको म्हणून त्याने केवढ्या समजूतदारपणाने ती जागा कोरी सोडली होती! आता ती बातमी त्याच्याआधी घरी पोचली. ऑर्व्हिल कुंपणापलीकडून म्हणाला, "सात हिवाळे तुझा बर्फ काढला मी." बाई फोनवर म्हणाल्या, "परका माणूस माझ्या विरुद्ध गेला तर चालेल, पण घरचा माणूस कोरा?"  जोनेलने त्याचं ताट वाढून ओव्हनमध्ये ठेवलं आणि ओव्हन लावला नाही.

आता फक्त जाहीर सूचना राहिली होती. चिठ्ठी लोकांसमोर काढायची तर तशी सूचना स्थानिक साप्ताहिकात देणं भाग होतं. लेलंडने ती स्वतः लिहिली. लांबलचक सरकारी वाक्यांचा त्याला तिटकारा होता आणि आपण सुटसुटीत लिहितो असा त्याला अभिमान होता. मॅव्हिसने मसुदा वाचला आणि विचारलं, "थोडं वाढवायचं का? कशाबद्दल, कुठली जागा, वगैरे?"

"नको. लोकांना सगळं ठाऊक आहे. सुटसुटीत राहू दे."

सूचना छापून आली: 'दफनभूमी मंडळ. लॉट काढण्याचा कार्यक्रम. गुरुवारी सकाळी दहा वाजता, कोर्टहाउसचं मोठं सभागृह. सर्वांसाठी खुला. विनामूल्य.' विनामूल्य हा शब्द का घातला, तर आदल्या वर्षी काउंटीच्या एका कार्यक्रमाला तिकीट आहे का, असं विचारून लोकांनी मॅव्हिसचं डोकं खाल्लं होतं.

गुरुवारी लेलंड नवा टाय बांधून कोर्टहाउसच्या पायऱ्या चढला, आणि दारातच थबकला. सभागृह माणसांनी भरून बाहेर सांडत होतं. बहुतेक सगळी म्हातारी माणसं. कोणी काठीवर, कोणी चाकांच्या वॉकरवर, काही जण घरून उशा घेऊन आलेले. मागच्या बाकावर एकीने कोलाची, म्हणजे फळं भरलेले गोड पाव, बाहेर काढून वाटायला सुरुवातही केली होती. लेलंडला भरून आलं. इतक्या दिवसांचा मनस्ताप विसरून तो व्यासपीठावर गेला, घसा खाकरला आणि म्हणाला, "मित्रहो, लोकशाही मेली असं कोण म्हणतं? आज या सभागृहाकडे बघून..."

"ते राहू दे," पुढच्या रांगेतला एक म्हातारा काठी आपटत म्हणाला. "सावलीकडचे आधी निघणार की रस्त्याकडचे?"

"सावलीकडचे... काय?"

"लॉट रे! लॉट!"

इंग्रजी ही तशी काटकसरी भाषा. उचलायच्या चिठ्ठीलाही ती लॉट म्हणते आणि जमिनीच्या तुकड्यालाही, म्हणजे आपण ज्याला प्लॉट म्हणतो त्यालाही, लॉटच म्हणते. दफनभूमी मंडळाचा लॉट काढण्याचा विनामूल्य कार्यक्रम, हे वाचून हॅडली काउंटीतल्या साठीपुढच्या प्रत्येक माणसाने सरळ अर्थ घेतला होता: काउंटी सोडत काढून कबरीच्या जागा फुकट वाटतेय.

लेलंडने मॅव्हिसकडे बघितलं. मॅव्हिस खिडकीबाहेर बघत होती.

"आम्हाला दोन पाहिजेत, शेजारी शेजारी," एक बाई हात वर करून म्हणाल्या. "पण माझ्या नणंदेच्या रांगेत नकोत. चाळीस वर्षं झाली, पुरे झालं."

"मी शेजारच्या काउंटीतून आलोय," दुसरा म्हणाला, "पण जन्म माझा इथलाच. शेवटी तरी येऊ द्या मला घरी."

"एकच हवाय, बायकोसाठी," तिसरा लेलंडच्या जवळ येऊन कुजबुजला. "नाताळची भेट आहे. तिला सांगू नका."

लेलंडने समजावून सांगायचा प्रयत्न केला. गैरसमज झाला आहे, जागा-बिगा काही नाही, एक चिठ्ठी आहे फक्त. हे ऐकून मागे कोणीतरी ओरडलं, "जागा एकच आहे म्हणे! बाकीच्या आधीच आपल्या माणसांना दिल्या असणार!" मग जो गलका उठला त्यात शेरीफला आत यावं लागलं. शेरीफ आत आला, सगळं ऐकून घेतलं आणि लेलंडला बाजूला घेऊन म्हणाला, "माझ्या आईचं नाव आहे का यादीत?"

अशा कल्लोळात, टाय कानाखाली गेलेल्या अवस्थेत, लेलंडने बिस्किटांचा डबा डोक्यावर धरला, डोळे मिटले आणि हात घातला. चिठ्ठी उघडली. 

"ऑर्व्हिल टिम," तो म्हणाला.

स्टॉल्झबाई उठल्या, ऑर्व्हिलशी ताठ मानेने हात मिळवला आणि कोणाकडेही न बघता निघून गेल्या. जोनेल त्यांच्या मागून गेली. गाडी तीच घेऊन गेली. लेलंड घरी चालत गेला, आणि वाटेत निदान सहा गाड्या त्याच्याजवळ थांबून सावलीकडच्या लॉटची चौकशी करून गेल्या.

पुढचे दोन दिवस त्याने असे काढले की त्यांच्याविषयी न बोललेलं बरं. रविवारी दुपारी दार वाजलं. ऑर्व्हिल उभा होता. डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली.

"हा राजीनामा," तो कागद पुढे करत म्हणाला. "घे."

"कसला राजीनामा?"

"काउंटीतला एकेक म्हातारा मला फोन करतोय, लेलंड. कबर द्या, कबर द्या. चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना मागच्या बाकावरून पाठीत बोट खुपसून विचारतात. काल एकजण मला, त्याला पाय पसरून झोपता येईल एवढी लांबी आहे का, ते मापायला दफनभूमीत घेऊन गेला. मी निवडणुकीला उभा राहिलो तो गवतासाठी. हे माझ्याच्याने होणार नाही. बर्निस असती तर एका आवाजात सगळ्यांना खाली बसवलं असतं तिने."

लेलंडने कागदाकडे बघितलं. मग त्याच्या डोळ्यांसमोर पुढचं सगळं येऊन गेलं. राजीनामा, रिकामी जागा, पुन्हा निवडणूक, पुन्हा सूचना, पुन्हा डबा. आयुष्यात पहिल्यांदा त्याने सरकारी कागद घ्यायला नकार दिला. "आज रविवार आहे. कचेरी बंद," तो म्हणाला आणि ऑर्व्हिलला बाहीला धरून सरळ स्टॉल्झबाईंच्या घरी घेऊन गेला. जोनेल तिथेच होती. तिने दार उघडलं, दोघांकडे बघितलं आणि बाजूला झाली.

स्वयंपाकघरात सफरचंदाची पाई नुकतीच ओव्हनमधून निघाली होती. ऑर्व्हिल टोपी हातात धरून उभा राहिला. शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा.

"बर्निस, मला ते फोन उचलता येत नाहीत."

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "खुर्ची घे. आणि ती फुलं?"

"मला फुलांचं काही नाही गं. मला ती तार नको. गवत मे महिन्यात वाढायला लागतं. तोवर काय ठेवायचं ते ठेव."

"आणि मे ते सप्टेंबर?"

"खरी ठेव."

"टर्की?"

"टर्की नोव्हेंबरात असते. नोव्हेंबरात कोण गवत कापतंय?"

बाई विचारात पडल्या. महिनोन्महिने दोघांनी अख्खी काउंटी फाडली होती, आणि त्या टर्कीवर नोव्हेंबरात कोणीच पातं फिरवणार नव्हतं, हे दोघांपैकी एकानेही आजवर बघितलं नव्हतं. "फोन माझ्याकडे वळव," बाई शेवटी म्हणाल्या. "दोन दिवसांनंतर एक जरी फोन आला तर नाव बदलेन."

पाई कापली गेली. कॉफी आली. आणि मग, वातावरण निवळल्यावर, दोघांच्या लक्षात आलं की या सगळ्या भानगडीत दोष कोणाचा तरी असणारच.

"सूचना कोणी लिहिली होती ती?" बाई म्हणाल्या.

"याने," ऑर्व्हिल म्हणाला.

"एक मत द्यायचं होतं, तेही कोरं कोणी सोडलं?"

"यानेच."

"आणि एक डबा शोधायला याला आठवडा लागला."

"मी म्हणतो, काउंटीचा क्लार्क असा असावा का?"

लेलंड खाली मान घालून पाई खात होता. दोघांचं इतक्या दिवसांत पहिल्यांदाच एकमत झालं होतं, आणि नेमकं त्याच्यावर झालं होतं. पुढच्या निवडणुकीत याच्या विरुद्ध कोणीतरी उभं राहायलाच हवं, असं बाई म्हणाल्या. ऑर्व्हिलने ते उचलून धरलं. फक्त उभं कोणी राहायचं यावर जरा अडलं, कारण ऑर्व्हिल म्हणाला की लोक मला ओळखतात, आणि बाई म्हणाल्या की लोक मला घाबरतात, आणि दोघांपैकी कोणी मागे हटेना.

"लेलंड," बाई एकदम त्याच्याकडे वळल्या, "तू सांग. तुला या कामाचा अनुभव आहे. आमच्यापैकी कोणी उभं राहावं?"

लेलंडने काटा खाली ठेवला. तोंड पुसलं. सगळ्या काउंटीला मूर्ख वाटणारा तो माणूस त्या दोघांकडे बघत आठवीतला भागाकार करत होता: आपल्या विरोधातली मतं भागिले दोन.

"खरं सांगू, मावशी? तुम्ही दोघांनीही उभं राहा," तो म्हणाला. "एकाने माघार घेणं म्हणजे लोकांवर अन्याय होईल."

बाईंनी ऑर्व्हिलकडे बघितलं, ऑर्व्हिलने बाईंकडे. दोघांनाही हा सल्ला अतिशय न्याय्य वाटला. टेबलाखालून जोनेलचा पाय लेलंडच्या पायावर हळूच येऊन टेकला, आणि आठवडाभरात पहिल्यांदाच ती हसू दाबत होती. तिने त्याची ताटली ओढून घेतली आणि न विचारता त्यात पाईचा आणखी एक मोठा तुकडा वाढला.